ट्रेनिंग देऊन झालं, बोनस देऊन झाला, आता काय?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं टीम सांभाळणाऱ्या लोकांची आहेत आणि सूर साधारण एकच, आम्ही सगळं करून बघितलं पण माणसं काही हलत नाहीत. शेवटचं पत्र मात्र पलीकडच्या बाजूचं आहे, ते मुद्दाम शेवटी ठेवलंय. लांबलेली पत्रं मी कापलीत आणि कोण कुठलं ते ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, माझ्याकडे नऊ जणांची टीम आहे, बिलिंग आणि पेमेंट फॉलोअपचं काम. वर्षभरात मी काय काय नाही केलं, बोनस वाढवून घेतला, दर महिन्याला बेस्ट एम्प्लॉयी काढतो, सगळ्यांना बाहेर फिरायला नेलं, ग्रुपवर रोज सकाळी चांगले विचार टाकतो. चार दिवस उत्साह राहतो आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता अजून काय करायचं राहिलंय?

उत्तर: विचारायचं राहिलंय. तुमचं मूळ पत्र दोन पानी होतं, त्यात तुम्ही केलेल्या गोष्टी अकरा होत्या (मी मोजल्या), पण "मी त्यांना विचारलं" असं एकही वाक्य नव्हतं. म्हणजे आजार काय ते माहीत नाही आणि औषधं मात्र अकरा झाली.

एक माझाच फजितीचा किस्सा सांगते. मी पहिल्यांदा टीम घेतली तेव्हा त्यात एक जण रोज सकाळी अकरापर्यंत नुसता बसलेला दिसायचा, आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर आळशी असा शिक्का मारून मोकळी झाले होते. दोन महिने मी त्याला "जरा उत्साह दाखवा" वगैरे ऐकवत होते. मग एकदा सहज शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं की आदल्या दिवशीच्या फायली वरच्या साहेबांच्या अप्रूव्हलला अडकलेल्या असायच्या, साहेब मेल उघडायचे अकरा वाजता, आणि तोपर्यंत ह्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसायचं. छोट्या रकमांचं अप्रूव्हल त्याचं त्यालाच द्या म्हणून मी परवानगी काढली आणि तो माणूस साडेनऊला कामाला लागायला लागला. मोटिव्हेशन त्याच्याकडे होतंच, फक्त त्याला वाट नव्हती आणि मी भाषणं देत होते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ह्यावर जुना अभ्यास आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या पिट्सबर्ग शहराच्या आसपासच्या साधारण 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर तुम्हाला सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं, ते सांगा. 1959 मध्ये ते छापून आलं. मजा अशी की दोन्ही उत्तरं एकमेकांच्या उलट नव्हती. वाईट वाटायचं ते कंपनीचे नियम, वरिष्ठांचं वागणं, पगार, कामाची परिस्थिती अशा गोष्टींमुळे, आणि छान वाटायचं ते काहीतरी जमलं म्हणून, त्याची दखल घेतली म्हणून, काम स्वतःच आवडलं म्हणून, जबाबदारी मिळाली म्हणून. म्हणजे पहिल्या गटातल्या गोष्टी सुधारल्या तर कुरकुर थांबते, पण तेवढ्याने माणूस पेटून कामाला लागत नाही. ह्या अभ्यासावर टीकाही भरपूर झालीये, कारण चांगल्याचं श्रेय स्वतःला आणि वाईटाचं खापर दुसऱ्यावर ही माणसाची सवयच आहे, त्यामुळे उत्तरं अशी येणारच होती. ते खरंय. पण तुमच्या अकरा गोष्टी समोर ठेवून बघा, एकही दुसऱ्या गटातली नाहीये. बेस्ट एम्प्लॉयी दखलीत मोडला असता, पण तुम्हीच लिहिलंय की "कोणाला वाईट वाटू नये म्हणून आळीपाळीने देतो", मग ती कसली दखल, तो नंबर लावणं झालं आणि ते नवाच्या नवांना कळतं.

तर आता करा काय. एकेकाला वेगळं बसवा, पंधरा मिनिटं पुरे, आणि "तुला कसं वाटतं" असलं मोघम विचारू नका, त्याला सगळे "छान" असंच म्हणतात. विचारा की गेल्या आठवड्यात कुठल्या कामात तुझा उगाच वेळ गेला, कुठलं काम दोनदा करावं लागलं, कशासाठी तुला कोणाची तरी वाट बघत बसावं लागलं. समोर लिहून घ्या. मग नऊ यादींत जी गोष्ट तीन-चार वेळा येईल ती आठ दिवसांत सोडवा, छोटी असली तरी चालेल, आणि सोडवली की सांगा. जे सोडवणं तुमच्या हातात नाही ते नाही म्हणून तोंडावर सांगा, बघतो बघतो करू नका.

आणि एक, काम तुकड्यांत वाटलंय का ते बघा. तुमच्याकडे बहुतेक एक जण बिल बनवतो, दुसरा तपासतो, तिसरा फोन करतो, आणि ग्राहकाचं पूर्ण खातं असं कोणाचंच नाही. हर्झबर्गनेच 1968 च्या एका लेखात शेअरहोल्डरांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या एका विभागाचं उदाहरण दिलंय, तिथे लोकांना पत्रावर स्वतःच्या नावाने सही करायला दिली, तपासणी कमी केली, एकेका विषयाचा जाणकार टीममधूनच नेमला. सुरुवातीला कामगिरी घसरली आणि मग चांगली वर गेली. ही सुरुवातीची घसरण लक्षात ठेवा, कारण बहुतेक साहेब तिथेच घाबरून सगळं पुन्हा आपल्या हातात घेतात.

सकाळचे सुविचार बंद करा. ते कोणी वाचत नाही, मीही नसते वाचले.

प्रश्न: मी एचआरमध्ये आहे. आमच्याकडे नवीन सिस्टीम आली, पूर्ण दिवसाचं ट्रेनिंग दोनदा झालं, हजेरी शंभर टक्के, फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी चार-पाच स्टार दिले. तरीपण एंट्री करताना त्याच त्या चुका होतायत. मॅनेजमेंट म्हणतंय तिसऱ्यांदा ट्रेनिंग घ्या. घेऊ का?

उत्तर: लगेच नको. आधी चुका करणाऱ्यांपैकी दोघातिघांच्या शेजारी अर्धा तास बसा आणि एकच गोष्ट तपासा, अगदी गळ्याशी आलं तर हा माणूस ती एंट्री बरोबर करून दाखवेल का? दाखवत असेल तर त्याला येतंय, येत असूनही तो करत नाहीये, आणि त्यावर ट्रेनिंग हा उपाय नाही. मग कारण दुसरीकडे शोधायचं. घाई असते का, बरोबर भरायला चुकीच्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो का, चूक केली तर त्याला कळतं तरी का की तीन आठवड्यांनी दुसऱ्याच विभागाला कळतं? एका ठिकाणी मी पाहिलं होतं, लोक ग्राहकाचा प्रकार सारखा चुकीचा भरत होते आणि त्यावर दोन ट्रेनिंगं झाली होती, आणि कारण काय तर यादीत पहिला पर्याय आपोआप निवडलेला यायचा आणि घाईत कोणी तो बदलत नव्हतं. तो आपोआप येणारा पर्याय काढून जागा रिकामी ठेवली, संपला विषय. म्हणजे खर्च ट्रेनिंगवर झाला आणि दुखणं स्क्रीनमध्ये होतं.

आता समजा खरंच येत नाहीये. तर तिसऱ्यांदा तसंच ट्रेनिंग घेतलंत तर तिसऱ्यांदा तसंच होणार. स्टार्सचं मनावर घेऊ नका, डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि कामाचा निकाल बदलला का. तुमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबलाय. ट्रेनर गमतीदार असला, हॉल गार असला आणि चारला सोडलं की पाच स्टार मिळतात हो.

विसरण्याबद्दल हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले आणि 1885 मध्ये छापलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याने अर्थहीन अक्षरं पाठ केली आणि किती वेळात किती विसरतो ते मोजलं, त्याच्या मोजणीत तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं होतं, पुढे मग गळती हळू होत गेली. ट्रेनर लोक हा आलेख दाखवून घाबरवतात, पण ती अर्थहीन अक्षरं होती, तुमच्या एंट्रीला काहीतरी अर्थ आहे, त्यामुळे तेवढं वाईट नसतं. तरीपण दिशा तीच. सोमवारी आठ तास ओतलं आणि सिस्टीम दहा दिवसांनी सुरू झाली तर हातात काय राहणार?

ह्यावर काय चालतं तेही माहितीये. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपल्या ट्रेनिंगमध्ये आपण नेमकं पहिलं करतो, स्लाइड दाखवतो, पुन्हा दाखवतो, कळलं का विचारतो, सगळे मान हलवतात. त्यापेक्षा वीस मिनिटांचं शिकवा, स्क्रीन बंद करा, आणि आता तू करून दाखव म्हणा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी नवखी माणसं आली, तेव्हा 1940 ते 1945 मध्ये सरकारने एक कार्यक्रम चालवला, त्यातल्या एका भागात सुपरवायझर लोकांना फक्त शिकवायचं कसं हे शिकवायचे, दोन-दोन तासांचे पाच वर्ग. त्या सगळ्या कार्यक्रमातून 16 लाखांहून जास्त लोक तयार झाले. पद्धत एवढीच, आधी समोरच्याची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते काढून घ्या, मग एकेक पायरी करून दाखवा आणि कुठे काय जपायचं ते सांगा, मग त्याला करू द्या आणि करता करता त्याच्याच तोंडून कारण वदवून घ्या, आणि शेवटी एकट्याने करायला सोडा पण अडला तर कोणाला विचारायचं ते सांगून आणि मधेमधे डोकावून. शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. आपल्याकडे तिसरी पायरी पाच मिनिटांत उरकतात आणि चौथी नसतेच.

मॅनेजमेंटला सांगा की तिसरा दिवस नको, त्याऐवजी तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं द्या, आदल्या दिवशीच्या खऱ्या चुका घेऊन, आणि ते टीममधल्याच जमणाऱ्या माणसाने घ्यायचं. स्वस्तही पडेल.

प्रश्न: आमचे डायरेक्टर मोठ्या मोटिव्हेशनल स्पीकरला बोलावतायत, दोन तासांचं सेशन. उपयोग होतो का?

उत्तर: करमणूक म्हणून होतो. त्रिकोण दाखवून मास्लो (माणसाच्या गरजांच्या पायऱ्या मांडणारा मानसशास्त्रज्ञ) सांगितला तर हळूच मनात म्हणा की मास्लोच्या 1943 च्या लेखात तो त्रिकोण नव्हताच, नंतरच्यांनी काढलाय. सेशनच्या आधी पगार वेळेवर झालाय ना एवढं बघा, नाहीतर टाळ्या वेगळ्याच सुरात वाजतात.

प्रश्न: आमचं कस्टमर सपोर्ट आहे. दिवसाला किती कॉल संपवले त्यावर इन्सेन्टिव्ह ठेवला, आकडे दीडपट झाले, पण आता तोच ग्राहक तीन-तीनदा फोन करतोय आणि वैतागलेला असतो. इन्सेन्टिव्ह बंद केला तर टीम नाराज होईल. काय करू?

उत्तर: तुमच्या टीमने तुम्ही सांगितलं तेच केलंय की. तुम्ही कॉल संपवायला पैसे दिलेत, त्यांनी संपवले. ग्राहकाचं काम व्हावं ही इच्छा होती पण तिला पैसे लावले नव्हते. स्टीव्हन कर नावाच्या अभ्यासकाचा 1975 चा एक लेख ह्याच मूर्खपणावर आहे, बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची धरायची. सोव्हिएत काळातल्या काच कारखान्यांचा किस्साही सांगतात, वजनावर टार्गेट दिलं तर काच जाडजूड निघायची आणि क्षेत्रफळावर दिलं तर इतकी पातळ की बसवता बसवता फुटायची.

आणि पैसे लावले की अजून एक होतं. 1973 मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग झाला, ज्यांना चित्रं काढायला मुळात आवडायचं अशाच मुलांना घेतलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. मुलं आणि कॉल घेणारी मोठी माणसं एक नव्हेत, आणि कॉल घेणं हे काही आवडीचं चित्र काढणं नव्हे, हे मलाही कळतं. पण तुमच्याकडे एखाददोन जण असतीलच ज्यांना ग्राहकाचा गुंता सोडवण्यात खरंच मजा यायची, आणि बघा, त्यांचाच आकडा आता सगळ्यात खाली असेल आणि तुम्ही त्यांनाच बोलत असाल.

बंद एकदम करू नका, हातातलं काढून घेतल्याचा राग वेगळाच असतो. तेवढीच रक्कम महिनाभर सगळ्यांना सरसकट द्या, आणि त्या महिन्यात टीमलाच विचारा की आपलं काम चांगलं झालं हे कशावरून ठरवायचं. बहुतेक ते स्वतःच म्हणतील, आठवड्याच्या आत त्याच तक्रारीचा फोन परत आला नाही ह्यावरून. मग तो आकडा टीमचा म्हणून मोजा, एकेकाचा नको, कारण एकेकाचा मोजलात की अवघड ग्राहक एकमेकांच्या गळ्यात मारायचा नवीन खेळ सुरू होईल.

प्रश्न: लोकांना शिकवून तयार करतो आणि वर्षभरात ते सोडून जातात. मग खर्च कशाला करायचा?

उत्तर: न शिकवलेले तुमच्याकडेच राहिले तर काय होईल, तोही हिशोब एकदा मांडा. फोर्डच्या कारखान्यात 1913 मध्ये अशीच गळती होती, साधारण 14,000 माणसं टिकवायला वर्षात 52,000 हून जास्त माणसं भरती करावी लागली. तिथे तर काम इतकं बारीक तुकड्यांत होतं की शिकवायलाही फार काही नव्हतं, तरी माणसं पळत होती. जानेवारी 1914 मध्ये त्यांनी दिवसाला 5 डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, आणि जी गळती 370 टक्के होती ती 1915 मध्ये 16 टक्क्यांवर आली. त्या पैशाला अटीही होत्या, कंपनीची माणसं घरी येऊन कसे राहता ते तपासायची, तो भाग उचलू नका.

तुमच्या पत्रात मला दिसलं ते असं, ट्रेनिंग झाल्यावरही पगार तोच, काम तेच, फक्त अंगावरचं ओझं जास्त. मग नवीन शिकलेलं दुसरीकडे जाऊन वापरणारच ना. गेलेल्या शेवटच्या तिघांना फोन करा, आता त्यांना तुमची भीती नाही, खरं सांगतील.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी 22 वर्षं मशीन मेंटेनन्सला आहे. आता दोन नवीन मुलं दिलीत आणि सांगितलंय ह्यांना सगळं शिकवा. मशीनचा आवाज बदलला की मला कळतं काय बिघडणार ते, हे मी माझ्या चुकांतून शिकलोय, मला कोणी शिकवलं नाही. सगळं दिलं की माझी गरज काय राहिली? साहेब म्हणतात तुमच्यात टीम स्पिरिट नाही. मी चुकतोय का?

उत्तर: भीती वाटण्यात नाही चुकत. तुमच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं, आणि हे टीम स्पिरिट वगैरे म्हणून झटकून टाकण्यासारखं नाहीये. ज्ञान काढून घ्यायचं आणि माणूस कमी करायचा असं घडतं, तुम्ही ते पाहिलंही असेल. मॅनेजमेंटने आधी ह्यावर बोलायला हवं होतं आणि मग मुलं तुमच्या हाती द्यायला हवी होती.

म्हणून आधी साहेबांकडे जा आणि सरळ विचारा. शिकवणं हे माझ्या कामाचा भाग म्हणून लेखी मांडणार का, त्यासाठी आठवड्याचे किती तास देणार (कारण मशीन बंद पडल्यावर बोंब तुमच्याच नावाने होणार), आणि मुलं तयार झाल्यावर माझं काम काय असेल. भांडणाच्या सुरात नको, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका. उत्तर गोलगोल आलं तर तेही एक उत्तरच आहे, मग तुम्ही जपून राहिलात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

पण हेही ऐका. तुमची काळजी जेवढी वाटते तेवढी मोठी नाहीये, कारण तुमच्याकडे जे आहे ते असं दोन महिन्यांत देताच येत नाही. बेअरिंग कसं बदलायचं ते सांगता येतं, आवाज बदललाय हे कानाला कसं कळतं ते सांगता येत नाही, ते मुलांच्या कानांना स्वतःलाच कमवावं लागतं. तुम्ही फक्त वाट जवळची करू शकता. आवाज आला की लगेच काय झालंय ते सांगू नका, आधी त्यांना विचारा तुला काय वाटतं, त्यांचा अंदाज वहीत लिहायला लावा, मग मशीन उघडा आणि दोघं मिळून बघा. चुकतील, बऱ्याचदा चुकतील. तुमच्या काळात चूक झाली की तुम्ही एकटे होतात, ह्यांच्या बाजूला तुम्ही उभे असाल, फरक तेवढाच.

ती वही तुमच्या नावाची ठेवा, कुठल्या तारखेला, कुठल्या मशीनवर, कसला आवाज, मुलांचा अंदाज काय होता आणि निघालं काय. साहेबांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, पहिली चार पानं भरली की ती घेऊन जा.